एका हंगामाचा बहर आणि दीर्घ मुदतीचा करार

एखाद्या खेळाडूने आपल्या पूर्वीच्या कामगिरीच्या मानाने सर्वस्वी अनपेक्षित असा एक हंगाम गाजविला, तर केवळ त्या हंगामाच्या बळावर त्याच्याशी अनेक वर्षांचा करार करणे शहाणपणाचे ठरेल काय? हा प्रश्न अमेरिकेत बेसबॉलच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला गेला आहे. आपल्याकडे क्रिकेट आणि कबड्डी या खेळांत लिलावाची पद्धत आल्यापासून तो आपल्याही अंगणात येऊन उभा राहिला आहे. वरवर पाहता हा क्रीडारसिकांच्या गप्पांचा विषय वाटेल. वस्तुतः त्यात संख्याशास्त्रातील अनुमानाचा, अर्थशास्त्रातील कराराचा आणि व्यवहारातील न्यायाचा, असे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. प्रस्तुत लेखात ते सुटे करून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

या प्रश्नाचा सांगाडा खेळाबाहेरच्या एका उदाहरणाने लवकर ध्यानात येईल. भिवंडी तालुक्यातील वडपे या गावाच्या परिसरात मुंबई-नाशिक महामार्गाच्या आजूबाजूस मालाच्या गोदामांची रांगच्या रांग उभी आहे. २०२५ साली समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जवळच्या आमणे येथपर्यंत खुला झाल्याने या पट्ट्याचे महत्त्व आणखी वाढले. समजा, एखाद्या व्यापाऱ्याची विक्री एका दिवाळीत दुप्पट झाली. आता त्याने वडपे येथे दुप्पट जागा नऊ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्यावी काय? पट्ट्यात काही वर्षे जागा सोडता येणार नाही अशी अट असली, की प्रश्न अधिकच बिकट होतो. विक्री दुप्पट होण्याचे कारण टिकाऊ असेल, तर जागा आताच बांधून घेणे लाभाचे. कारण पुढे भाडे वाढेल. ती निव्वळ योगायोगाची असेल, तर रिकाम्या गोदामाचे भाडे भरीत बसणे आले.

खेळाडूच्या कराराचा सांगाडा हाच आहे. परंतु दोन भेद लक्षात ठेवले पाहिजेत. एक म्हणजे गोदाम पोटभाड्याने देता येते; घसरणीला लागलेल्या खेळाडूला मात्र त्याच किमतीत घेणारा दुसरा संघ सहसा मिळत नाही. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. गोदामाच्या भिंतींना करार कोणत्या मुदतीचा झाला याचे सुखदुःख नसते. खेळाडू हा मात्र कराराचा विषय आणि कराराचा पक्ष, असा दोन्हीही असतो. कराराची मुदत तोडली की जोखीम नाहीशी होत नाही. ती संघाच्या खांद्यावरून खेळाडूच्या खांद्यावर जाते. या गोष्टीकडे आपण शेवटी वळू.

२. अमेरिकेतील दोन उदाहरणे

बेसबॉलच्या मैदानात बाहेरच्या विस्तीर्ण भागात उभे राहून उंच व लांब गेलेले चेंडू झेलणाऱ्या तिघा खेळाडूंना आउटफील्डर म्हणतात. त्यांच्याकडून झेलांबरोबरच जोरदार फलंदाजीचीही अपेक्षा असते. चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे टोलविणे म्हणजे होमरन; क्रिकेटमधील षटकाराचा तो भाऊबंद, परंतु त्याहून पुष्कळच दुर्मिळ. एका हंगामात पन्नास होमरन ही फार थोड्यांना साधलेली मजल आहे.

बाल्टिमोर ओरिओल्स या संघाच्या ब्रेडी अँडरसन या आउटफील्डरने १९९६ साली ती गाठली. त्याआधीच्या कोणत्याही हंगामात त्याचे होमरन २१च्या वर गेले नव्हते आणि १९९५ साली तर ते १६ होते. त्या वेळी तो बत्तीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी, १९९७ साली, त्याची संख्या १८वर आली. तरीही १९९७ अखेरीस संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे ३ कोटी १० लक्ष डॉलरचा करार केला. त्यानंतरच्या चार हंगामांत त्याचे होमरन अनुक्रमे १८, २४, १९ व ८ झाले. २००१ अखेरीस, कराराचे एक वर्ष शिल्लक असतानाच, संघाने त्याला मोकळे केले. निवृत्तीपर्यंत त्याच्या नावावर एकूण २१० होमरन जमा झाले; त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा त्या एका वर्षाचा होता.

दुसरे उदाहरण होझे बाउतिस्ता याचे. तोही आउटफील्डरच. २००६ ते २००९ या चार वर्षांत त्याचे होमरन १६, १५, १५ व १३ असे होते. २०१० साली टोरांटो ब्लू जेज या संघाकडून खेळताना त्याने ५४ होमरन केले. २०११च्या फेब्रुवारीत संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे साडेसहा कोटी डॉलरचा करार केला. अँडरसनचा इतिहास आठवणाऱ्या अनेकांना हा अविचार वाटला असल्यास नवल नाही. परंतु २०११ साली त्याने ४३ होमरन केले, मधल्या काळात दुखापती सोसूनही तो संघाचा आधार राहिला आणि कराराच्या पाचव्या वर्षी, २०१५ साली, त्याने पुन्हा ४० होमरन केले. संघाला तो करार स्वस्तातच पडला.

दोन्ही आलेख बहराच्या हंगामापर्यंत जवळपास सारखे दिसतात. पुढे मात्र ते विरुद्ध दिशांना जातात. तेव्हा प्रश्न असा की, करार करण्याच्या क्षणी, पुढचे काहीही ठाऊक नसताना, या दोघांतील भेद ओळखता आला असता काय?

३. गुण आणि योग

कोणत्याही हंगामाची कामगिरी ही खेळाडूचा स्थायी गुण आणि त्या हंगामापुरता योग, या दोहोंची बेरीज असते. योग म्हणजे केवळ नशीब नव्हे. सुटलेले झेल, अनुकूल खेळपट्ट्या, प्रतिस्पर्ध्यांच्या दुखापती, पंचांचे निर्णय, या सर्वांची गोळाबेरीज त्यात येते. अत्युत्कृष्ट हंगाम निवडून काढले, तर त्यांत गुण सरासरीहून अधिक असतोच. परंतु योगही सरासरीहून अधिक अनुकूल असतो. पुढील वर्षी गुण तसाच राहतो, योग मात्र पुन्हा सरासरीवर येतो. म्हणून निवडलेल्या खेळाडूंची कामगिरी, एकंदरीने पाहता, मध्याकडे परतते. फ्रान्सिस गाल्टन याने १८८६ साली आईबापांच्या व मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना हीच प्रवृत्ती दाखविली आणि ‘प्रतिगमन’ ही संज्ञा संख्याशास्त्रात रूढ झाली.

योगाचा वाटा किती मोठा असू शकतो, हे क्रिकेटच्या एका साध्या हिशेबाने दिसेल. फलंदाजाच्या निरनिराळ्या डावांतील धावा भूमितीय श्रेणीच्या जवळ जाणाऱ्या रीतीने विखुरलेल्या असतात, असे जी. एच. वुड यांनी १९४५ साली दाखविले होते. अशा विभाजनात प्रमाण विचलन हे मध्याच्या जवळपास असते. म्हणजे डावामागे ३० धावांची खरी योग्यता असलेल्या फलंदाजाच्या धावांचे प्रमाण विचलनही सुमारे ३० राहील. चौदा डावांच्या हंगामात त्याच्या सरासरीची प्रमाण त्रुटी ३० भागिले चौदाचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ८ येते. तेव्हा योग्यतेत तिळमात्र फरक न पडताही अशा फलंदाजाची सरासरी सुमारे सहा हंगामांतून एकदा ३८च्या वर जाईल. स्पर्धेत याच योग्यतेचे साठ फलंदाज असतील, तर दरवर्षी त्यांतील दहाएक जण ‘बहरलेले’ दिसतील. आणि वृत्तपत्रांचे रकाने नेमके त्या दहांविषयीच लिहिले जातील.

मग हंगामाच्या आकड्याला किती वजन द्यावे? ब्रॅडली एफ्रन व कार्ल मॉरिस यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात याचे उत्तर बेसबॉलच्याच उदाहरणाने दिले. १९७०च्या हंगामातील अठरा फलंदाजांच्या पहिल्या ४५ संधींवरून त्यांच्या उर्वरित हंगामाचे अनुमान करावयाचे होते. सर्वांचे सरासरी यश ०.२६५ होते. प्रत्येकाचा स्वतःचा आकडा जसाच्या तसा न घेता त्याचे सरासरीपासूनचे अंतर सुमारे एकपंचमांशावर आकुंचित केले, असता एकंदर वर्गित त्रुटी सुमारे साडेतीन पटींनी घटली. स्टाइन याने दाखविलेल्या विरोधाभासाचे हे सुबोध रूप आहे.

परंतु या उदाहरणातच एक सावधगिरीची सूचना दडलेली आहे. त्या अठरांत सर्वांत वरचा होता पिट्सबर्गचा आउटफील्डर रॉबर्टो क्लेमेंटे; पहिल्या ४५ संधींत १८ यशे, म्हणजे ०.४००. आकुंचनाच्या सूत्राने त्याचे अनुमान ०.२९च्या आसपास आले. प्रत्यक्षात उर्वरित हंगामात त्याने ०.३४६ ही गती राखली. सूत्र समूहासाठी बरोबर ठरले. पण असामान्य व्यक्तीवर त्याने अन्याय केला. याचे कारण उघड आहे. क्लेमेंटे हा अठरांतील कोणीतरी एक नव्हता. १९७०पूर्वी त्याने आपल्या लीगमध्ये चार वेळा फलंदाजीचे अग्रस्थान मिळविले होते. ही पूर्वमाहिती सूत्राला दिलेलीच नव्हती.

पूर्वज्ञानाला अनुमानात रीतसर स्थान असले पाहिजे, हा आग्रह धरणाऱ्या केंब्रिजच्या हॅरोल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे संस्थापक प्रा. वि. शं. हुजूरबाजार यांनी संशोधन केले होते, हे येथे आठवण्याजोगे आहे. त्या विचारपद्धतीनुसार आपला प्रश्न असा मांडावा लागतो: कोणत्या मध्याकडे परतावयाचे? सर्व खेळाडूंच्या, की या खेळाडूच्या स्वतःच्या? आणि त्याचा स्वतःचा मध्य बदलला आहे असे मानण्यास आकड्यांखेरीज काही स्वतंत्र पुरावा आहे काय?

बाउतिस्ताच्या बाबतीत तसा पुरावा होता. २००९च्या अखेरच्या टप्प्यात प्रशिक्षकांच्या सल्ल्याने त्याने आपल्या फटक्याची सुरुवात अलीकडे आणली होती. बदल डोळ्यांनी दिसण्यासारखा होता. आणि त्याचा परिणाम २०१०च्या आधीच, २००९च्या शेवटच्या महिन्यात झालेल्या दहा होमरनांत दिसू लागला होता. अँडरसनच्या बाबतीत याच्या उलट, बहरानंतरचा १९९७चा हंगाम संघाच्या हाती होता आणि त्यातील १८ हा आकडा त्याच्या जुन्या मध्याची ग्वाही देत होता. तो इतर बाबतींत उपयुक्त खेळाडू होता, हे खरे. तथापि पन्नास होमरनांची किंमत मोजण्याचे कारण तेव्हा उरले नव्हते.

४. आपल्याकडील हंगाम

इंडियन प्रीमियर लीगच्या २००८ सालच्या पहिल्या हंगामात गोव्याच्या स्वप्नील अस्नोडकर याने राजस्थान रॉयल्सकडून नऊ सामन्यांत ३११ धावा केल्या आणि संघाच्या विजेतेपदात वाटा उचलला. त्यानंतरच्या सर्व हंगामांत मिळून त्याच्या सव्वाशे धावाही झाल्या नाहीत. २०११ साली मुंबईच्या पॉल वल्थाटी याने किंग्ज इलेव्हन पंजाबकडून ४६३ धावा केल्या. त्याची सरासरी ३५.६ होती. परंतु चेन्नईविरुद्धच्या एकाच डावात त्याने नाबाद १२० धावा काढल्या होत्या. तो एक डाव बाजूला ठेवला, की उरतात ३४३ धावा आणि १३ वेळा बाद होणे, सरासरी २६.४. एका संध्याकाळी हंगामाची सरासरी नऊ धावांनी चढली होती! पुढच्या दोन हंगामांत मिळून त्याच्या धावा पन्नासापर्यंतही पोचल्या नाहीत. या दोघांच्या गुणांविषयी येथे कोणताही उणा शब्द काढावयाचा नाही. नऊ किंवा चौदा सामने हा नमुनाच इतका लहान आहे, की त्यावरून गुणांचा निवाडा करणे धाडसाचे ठरते.

उलट बाजू पुण्याच्या ऋतुराज गायकवाडची. २०२१ साली त्याने चेन्नई सुपर किंग्जकडून ६३५ धावा करून त्या हंगामात सर्वाधिक धावांचा मान मिळविला. लिलावात वीस लाख रुपयांना घेतलेल्या या फलंदाजाला संघाने २०२२च्या मोठ्या लिलावापूर्वी सहा कोटींना राखून ठेवले. पुढच्याच हंगामात त्याच्या धावा ३६८वर उतरल्या. प्रतिगमनाचा सिद्धांत नुकताच शिकलेल्या विद्यार्थ्याने येथेच निकाल दिला असता. परंतु २०२३ साली ५९० आणि २०२४ साली ५८३ धावा करून त्याने दाखविले, की ६३५ ही त्याची शिखराची नोंद असली, तरी त्याचा मध्य ३६८च्या बराच वर आहे. एका चांगल्या वर्षावरून भाळणे आणि एका बेताच्या वर्षावरून नाकारणे, या दोन्ही चुकांचे मूळ एकच, अपुऱ्या नमुन्यावरचा अतिविश्वास.

या दुसऱ्या चुकीचा विचार करताना विनोद कांबळीचे नाव टाळता येत नाही. १९९३ साली काही महिन्यांच्या अवधीत त्याने इंग्लंडविरुद्ध २२४, झिंबाब्वेविरुद्ध २२७ आणि श्रीलंकेत आणखी दोन शतके केली. ती गती टिकणारी नव्हती आणि टिकलीही नाही. पण १९९५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याचा शेवटचा कसोटी सामना झाला, तेव्हा १७ कसोटींतील त्याची सरासरी ५४.२० होती. त्याच्या निवडीमागे व वगळण्यामागे धावांखेरीज इतरही विचार झाले असतील. केवळ आकड्यांपुरते बोलावयाचे, तर शिखरावरून उतरलेली ही सरासरीसुद्धा पुष्कळ नामवंतांना कधी गाठता आली नाही. खेळाडू मध्याकडे परततो, याचा अर्थ तो सामान्य होतो असा नव्हे. त्याचा मध्यच उंच असू शकतो.

५. देहाचा हिशेब

कबड्डीत हा प्रश्न आणखी एका अंगाने पाहावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली प्रो कबड्डी लीगच्या सहाव्या हंगामात यू मुंबाकडून प्रथमच खेळला आणि त्याने चढाईत २१८ गुण मिळविले. २०१९च्या लिलावात तेलुगू टायटन्स या संघाने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लक्ष रुपये मोजले. पूर्वी लीगमध्ये एकही सामना न खेळलेल्या चढाईपटूच्या एका हंगामावर लावलेली ही बोली होती. संशयवाद्यांनी मध्याकडे परतण्याचे भाकीत केले असते, तर ते चुकले असते. सातव्या हंगामातही त्याची चढाई जवळपास त्याच गतीने चालली. घात झाला तो आठव्या हंगामात. मोजके सामने खेळून तो दुखापतीने बाहेर पडला.

हा भेद महत्त्वाचा आहे. कबड्डीत हंगामाला बरेच सामने आणि प्रत्येक सामन्यात चढाईपटूच्या अनेक चढाया. म्हणजे नमुना पुष्कळ मोठा. त्यामुळे एका हंगामावरून गुणाचे अनुमान अधिक भरवशाचे होते. परंतु ज्या कारणाने नमुना मोठा होतो, त्याच कारणाने शरीर झिजते. दर चढाईला सात जणांच्या पकडीतून स्वतःला सोडवून आणणाऱ्याचे खांदे, गुडघे आणि घोटे हे त्याचे भांडवल. आणि त्या भांडवलाची घसारा-निधीत तरतूद कोणी करीत नाही. तेव्हा दीर्घ कराराच्या दोन शत्रूंची गल्लत करू नये. योग हा पहिल्याच वर्षी हिशेब चुकता करतो. देह उशिरा, पण पुढच्या प्रत्येक वर्षी वाढत्या संभवाने.

६. एक काल्पनिक हिशेब

या सर्व गोष्टी कराराच्या किमतीत कशा उतरतात, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. बहराच्या हंगामाचे मूल्य १०० एकक धरू आणि सहज उपलब्ध होणाऱ्या पर्यायी खेळाडूंचा मध्य ४०. आकड्याला निम्मेच वजन द्यावयाचे ठरविले, तर पहिल्या वर्षाची अपेक्षा ७० येते. वयोमानाने दरवर्षी ५ एककांची घट धरली, तर पाच वर्षांची अपेक्षा ७०, ६५, ६०, ५५ व ५०, म्हणजे एकूण ३०० होते. भाबड्या हिशेबाने ती ५०० होती. आता दरवर्षी दहांपैकी एक या प्रमाणात कायमची दुखापत संभवते असे मानले, तर या मूल्यांना अनुक्रमे ०.९, ०.८१, ०.७२९ इत्यादींनी गुणावे लागते आणि एकूण अपेक्षा २२५वर येते. म्हणजे बहराच्या हंगामाच्या दराने पाच वर्षे बांधणारा संघ अपेक्षेच्या दुपटीहून अधिक किंमत मोजतो.

आता दोन प्रकारची अधिक माहिती मिळाली असे समजू. प्रशिक्षकाने खात्री दिली की तंत्रात खरोखरच बदल झाला आहे, म्हणून आकड्याला निम्म्याऐवजी चारपंचमांश वजन देता येईल. तेव्हा पहिल्या वर्षाची अपेक्षा ८८ आणि पाच वर्षांची एकूण अपेक्षा सुमारे २९१ होते. किंवा वैद्याने खात्री दिली की दुखापतीचा संभव दहांत एक नसून विसांत एक आहे. तेव्हा एकूण अपेक्षा सुमारे २६० होते. गृहीतके बदलली की आकडे बदलतील. परंतु एक निष्कर्ष सर्वसाधारण आहे. कराराची योग्य किंमत हंगामाच्या आकड्यापेक्षा त्या आकड्यामागील कारणाच्या माहितीवर अधिक अवलंबून असते, आणि ती माहिती धावफलकावर लिहिलेली नसते.

७. लिलाव आणि शैथिल्य

येथे अर्थशास्त्राचे दोन आक्षेप विचारात घ्यावे लागतात. पहिला लिलावाच्या पद्धतीवरचा. तेलाच्या क्षेत्रांसाठी बोली लावणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा कमी लाभ का होतो, याची मीमांसा केपन, क्लॅप व कॅम्पबेल या तिघा अभियंत्यांनी १९७१ साली केली. सर्व बोलीदारांचे अंदाज सरासरीने बरोबर असले, तरी जिंकतो तो सर्वांत जास्त अंदाज करणारा. म्हणून जिंकणे हीच आपण जादा किंमत मोजल्याची खूण ठरते. ‘विजेत्याचा शाप’ या नावाने हे तत्त्व प्रसिद्ध आहे. बहराच्या हंगामानंतरच्या लिलावात ही चूक दुहेरी होते. खेळाडूच्या बाबतीत योग सर्वांत अनुकूल, आणि त्याला घेणाऱ्या संघाचा अंदाजही सर्वांत आशावादी.

दुसरा आक्षेप असा, की दीर्घ करार मिळाला की खेळाडू ढिला पडतो. केनेथ लेन यांनी १९८२ साली बेसबॉलमधील दीर्घ करारवाल्या खेळाडूंचे दुखापतीमुळे बाहेर राहण्याचे प्रमाण वाढल्याचे दाखविले. परंतु अँथनी क्राउटमन यांनी १९९० साली मार्मिक शंका उपस्थित केली. खेळाडूला दीर्घ करार मिळतो तो उत्तम हंगामानंतर. तेव्हा पुढची घसरण ही आळसाची खूण आहे, की निव्वळ प्रतिगमनाची? कामगिरीतील चढउतार यदृच्छेच्या मर्यादेतच राहत असतील, तर आळसाचा आरोप सिद्ध होत नाही. ही शंका केवळ तांत्रिक नाही. पैसा मिळाला आणि डोक्यात हवा गेली, असा ठपका आपल्याकडेही बहरानंतर ओसरलेल्या तरुण खेळाडूंवर सर्रास ठेवला जातो. ज्या उताराचे कारण शुद्ध गणितात आहे, त्याचे खापर चारित्र्यावर फोडणे हे अशास्त्रीय तर आहेच, शिवाय अन्यायकारकही आहे.

८. जोखीम कोणी वाहावी?

आतापर्यंत आपण संघाच्या बाजूने पाहिले. आता खेळाडूच्या बाजूने पाहू. १९७५पर्यंत अमेरिकन बेसबॉलमध्ये खेळाडूचा करार वर्षाचा असे, पण संघाला तो आपल्या मर्जीने पुढे चालू ठेवता येई. म्हणजे बंधन आजन्म आणि हमी फक्त वर्षाची. सेंट लुईसचा आउटफील्डर कर्ट फ्लड याने १९६९ साली आपल्या परस्पर झालेल्या बदलीला नकार दिला आणि मग न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. १९७२ साली तो सर्वोच्च न्यायालयात हरला. परंतु १९७५च्या डिसेंबरात लवाद पीटर साइट्झ यांच्या निर्णयाने ते बंधन मोडले. गेराल्ड स्कली यांनी १९७४ साली केलेल्या अभ्यासात त्या काळी खेळाडूंना त्यांच्या उत्पन्नक्षमतेच्या मानाने फारच अल्प वेतन मिळत असल्याचे आढळले होते. आजच्या प्रचंड करारांवर टीका करताना हा पूर्वइतिहास विसरून चालत नाही.

खेळाडूच्या दृष्टीने दीर्घ करार हा एक प्रकारचा विमा आहे. संघाजवळ पंधरा-वीस खेळाडू असतात. एक ओसरला तर दुसरा बहरतो. खेळाडूजवळ मात्र एकच देह आणि दहाएक वर्षे. जोखीम वाहण्याची शक्ती संघाची अधिक. म्हणून जोखीम त्याने वाहावी आणि तिचा मोबदला म्हणून खेळाडूने वार्षिक दर काहीसा कमी स्वीकारावा, हा सौदा दोघांच्याही हिताचा असतो. बाउतिस्ताचा करार या अर्थाने आदर्श म्हणता येईल. त्याने पाच वर्षांची निश्चिंती घेतली, संघाने स्वस्त दर घेतला.

आपल्याकडे हा विमा लिलावाने नव्हे, तर नोकरीने दिला. मुंबईच्या क्रिकेटपटूंना बँका व कारखान्यांनी सामावून घेतले. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. रेल्वे, भारत पेट्रोलियम, महिंद्र यांसारख्यांनी कबड्डीपटूंना नोकऱ्या दिल्या. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. एखाद्या स्पर्धेतील पदकावर मिळणारी ही नोकरी म्हणजे वस्तुतः एका बहरावर दिलेला तीस वर्षांचा करारच होय. त्याचा वार्षिक दर लिलावाच्या मानाने क्षुल्लक असतो. परंतु गुडघा गेल्यावरही तो चालू राहतो. संघाने विचारलेला प्रश्न ‘हा पुढेही इतकेच गुण मिळवील काय?’ असा असतो. नोकरी देणाऱ्याचा प्रश्न ‘याने आपली उमेदीची वर्षे खेळाला दिली, त्याची भरपाई कोणी करावी?’ असा असतो. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु एकाचे उत्तर दुसऱ्याला देऊन चालत नाही.

उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. एकटा बहराचा हंगाम दीर्घ कराराचे समर्थन करू शकत नाही. त्या हंगामामागे टिकाऊ व स्वतंत्रपणे पडताळता येणारे कारण असेल, पूर्वकामगिरीचा मध्य बेताचा नसेल, शरीराची ग्वाही असेल आणि दरात प्रतिगमनाची वजावट झालेली असेल, तरच दीर्घ करार युक्त ठरतो. यांपैकी कारण सापडत नसेल, तर आणखी एक हंगाम थांबणे बरे. मात्र थांबण्याचा खर्च खेळाडूवर पडतो, हे ध्यानात ठेवून त्याला किमान हमी द्यावी. वडप्याच्या व्यापाऱ्याला आपण हेच सांगू. विक्री दुप्पट का झाली ते आधी शोधा, भाडेपट्ट्यावर सही मग करा.

या विषयात आपल्या विद्यार्थ्यांना पुष्कळ काम करता येण्याजोगे आहे. क्रिकेटचे धावफलक आणि प्रो कबड्डी लीगच्या २०१४पासूनच्या हंगामांच्या नोंदी उपलब्ध आहेत. लिलावाच्या किमती जाहीर होतात. कबड्डीत एका हंगामाच्या गुणांना पुढील हंगामाच्या अनुमानात किती वजन द्यावे, दुखापतीचा संभव चढायांच्या संख्येबरोबर कसा वाढतो आणि लिलावात मोजलेली किंमत या दोहोंचा विचार करते काय, हे तीन प्रश्न एखाद्या प्रबंधिकेला पुरे आहेत. त्यांची उत्तरे मिळाली, तर संघांच्या मालकांना होईल तो लाभ होवो. परंतु चंदगडच्या किंवा भिवंडीच्या मातीत आज चढाईचा सराव करणाऱ्या मुलाला आपला एक हंगाम किती किमतीला विकावा आणि किती वर्षांसाठी, याचे भान त्यातून आले, तर तो लाभ अधिक मोलाचा ठरेल.